पिकअपला मोठे टायर लावल्यावर ओढ वाढते की कमी होते? टायर घेण्याआधी हे गणित समजून घ्या

ऊसतोड सुरू झाली की सोमेश्वरनगरच्या रस्त्यांवर एक दृश्य रोज दिसतं. पुढे ट्रॅक्टर, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि सोमेश्वर कारखान्याच्या दिशेने लागलेली रांग. ट्रॅक्टरची मागची चाकं जवळजवळ माणसाच्या छातीएवढी. हे पाहतच मोठे झालेल्या आपल्या डोक्यात एक समज पक्का बसतो. मोठं चाक म्हणजे जास्त ओढ.

हाच समज मग पिकअपच्या बाबतीत लावला जातो. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली. तेव्हापासून घरची गाडी, शेतातली गाडी आणि डोंगरात फिरायची गाडी अशी तिन्ही कामं एकाच पिकअपकडून करून घेणारे लोक वाढले. गाडीची पुढची बाजू थोडी उचलून घ्यायची, मोठे टायर चढवायचे आणि मागे ट्रॉली जोडायची. रीलमध्ये हे भारी दिसतं. पण मोठ्या टायरने गाडीची ओढ वाढत नाही, उलट कमी होते. कशी, ते बघू.

टायरवरचा आकडा काय सांगतो?

व्ही-क्रॉसच्या १८ इंची रिमवर कंपनीकडून येणारा टायर आहे २५५/६० आर १८. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, म्हणजे २५५ मिलिमीटर. दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सांगतो, पण मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्केवारीत. २५५ चे ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर. शेवटचा १८ हा रिमचा व्यास, इंचांमध्ये.

टायरची पूर्ण उंची काढायची तर वरची आणि खालची भिंत मिळून ३०६ मिलिमीटर आणि रिमचे ४५७ मिलिमीटर. बेरीज ७६३ मिलिमीटर.

आता समजा कोणी यावर २६५/६५ आर १८ टायर चढवला. याची उंची होते साधारण ८०२ मिलिमीटर. म्हणजे टायर ५ टक्क्यांनी मोठा झाला. त्याहून मोठा २८५/६५ आर १८ घेतला, तर उंची ८२८ मिलिमीटरच्या आसपास जाते आणि वाढ साडेआठ टक्के होते.

५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्याचे परिणाम बरेच आहेत.

५ टक्के मोठ्या टायरने काय बदलतं?

उंची: टायर ३९ मिलिमीटरने मोठा झाला तरी गाडी जमिनीपासून त्याच्या निम्मीच उचलली जाते, म्हणजे १९ मिलिमीटर. पुरते दोन सेंटीमीटरही नाहीत. तरी या दोन सेंटीमीटरला किंमत आहे. पुढून गाडी उचलली तर बॉडी वर जाते, पण मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. तो जमिनीपासून वर न्यायचा असेल, तर मोठ्या टायरशिवाय दुसरा उपाय नाही.

ओढ: इंजिन चाकाला पीळ देतं आणि त्या पिळाचं जमिनीवर ओढीत रूपांतर होतं. चाकाची त्रिज्या जेवढी मोठी, तेवढी त्याच पिळातून मिळणारी ओढ कमी. टायर ५ टक्के मोठा तर ओढ जवळपास ५ टक्के कमी. २८५ चा टायर लावला, तर जवळपास ८ टक्के कमी. इंजिन तेच, गिअर तेच, मागची ट्रॉलीही तीच. चढावर एक गिअर खाली टाकावा लागतो, तो यामुळेच.

ब्रेक: जे ओढीचं, तेच ब्रेकचं. ब्रेकची पकड तेवढीच राहते, पण मोठ्या चाकावर तिचा जोर कमी पडतो. त्यात मोठा टायर वजनाने जड असतो, त्यामुळे फिरणारं चाक थांबवायलाही जास्त ताकद लागते. सपाट रस्त्यावर हा फरक चटकन लक्षात येत नाही. सासवडहून पुण्याकडे जाताना दिवे घाट उतरायचा आणि मागे भरलेला ट्रेलर असेल, तेव्हा तो पायाखाली जाणवतो.

मीटर: पूर्वी काटा ६० वर असताना गाडी जेवढी पळायची, त्यापेक्षा आता ती ५ टक्के जास्त पळते. काटा मात्र ६० च दाखवतो. किलोमीटरचंही तसंच. गाडी १०५ किलोमीटर चालली की मीटरवर १०० पडतात. म्हणूनच ‘मोठे टायर लावल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं’ या तक्रारीतला काही भाग खरा असतो आणि काही भाग नुसता मीटरचा असतो.

मग ट्रॅक्टर कसा ओढतो?

ट्रॅक्टरची ताकद चाकाच्या आकारात नसते. ती गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये असते. तिथे इंजिनाचा वेग कितीतरी पटीने कमी केला जातो आणि त्या बदल्यात पीळ वाढवला जातो. म्हणून ट्रॅक्टर ओढतो भरपूर, पण पळतो हळू. मोठ्या चाकाचं काम वेगळंच असतं. वजन मोठ्या जागेवर पसरवायचं, मऊ रानात रुतायचं नाही आणि मातीला पकडून ठेवायचं. कंपनीने त्याचं चाक आणि गिअर यांची जोडी आधीच जुळवलेली असते.

पिकअपला आपण मोठं चाक लावतो तेव्हा या जोडीतली एकच गोष्ट बदलतो. फोर बाय फोर पिकअपमध्ये लो रेंज हा गिअर असतो. खराब रस्त्यावर हळू चालताना तो ही कसर भरून काढतो. पण बारामती रस्त्यावर ट्रेलर घेऊन साठच्या वेगाने जाताना लो रेंज कामाचा नाही.

पुढून उचललेली गाडी आणि मागचं वजन

पिकअप रिकामी उभी असताना तिची मागची बाजू थोडी वर असते. ही डिझाइनमधली चूक नाही. माल भरला किंवा ट्रेलरचा भार आला की मागची बाजू बसते आणि गाडी समतल होते, असं ते गणित आहे.

पुढची बाजू उचलून रिकामी गाडी समतल केली, तर भार आल्यावर ती मागे झुकते आणि नाक आभाळाकडे जातं. पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. हंगामात रात्रीच्या रस्त्यावर ऊस वाहतूक चालू असते, अनेक ट्रॉल्या मागून नीट दिसत नाहीत. अशा वेळी समोरच्याचे डोळे दिपणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून ट्रेलर ओढायचा असेल तर पुढची बाजू शक्य तेवढी कमी उचला. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील. हेडलाइटचा कोन भार टाकून तपासा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. यापेक्षा कमी आला तर ट्रेलर वळवळतो आणि जास्त आला तर गाडीचं नाक वर जातं.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा

दुकानात बहुतेक जण टायरचा साइज विचारतात. ओढायच्या गाडीला मात्र साइजनंतर येणारा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० म्हणजे एक टायर ८०० किलो पेलतो. १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १,०६० आणि ११२ म्हणजे १,१२० किलो.

यातली मेख अशी की मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, असं नेहमी नसतं. दिसायला दांडगा पण लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी, असाही टायर मिळतो. तो ट्रेलरच्या गाडीला चालणार नाही. शिवाय हा भार टायर पूर्ण हवेवरच पेलतो. पाणंदीत किंवा मुरमाच्या चढावर पकडीसाठी हवा २० ते २५ पीएसआयपर्यंत उतरवणं ठीक आहे, पण डांबरी रस्त्यावर येऊन ट्रेलर जोडण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर भाराखाली तापतो आणि फुटतो.

काळ्या रानात कोणता टायर?

टायरच्या नक्षीचे ढोबळ तीन प्रकार आहेत. एचटी हा रस्त्याचा, एमटी हा चिखलाचा आणि एटी हा दोन्हीच्या मधला. एमटीचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात. रस्त्यावर तो आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. काही फेऱ्यांतच टायरच्या खाचा भरतात आणि कोणताही टायर गुळगुळीत होतो. पाऊस पडून गेल्यावर अशा रानात महागडा टायरही हार मानतो. तिथे एक दिवस थांबणं हाच खरा उपाय. आठवड्यातले बहुतेक दिवस डांबर आणि मुरूम, मधूनच शेत आणि ट्रेलर, असा वापर असेल तर एटी पुरतो. आणि मोकळं माळरान दिसलं म्हणून गाडी घालू नका. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य हे चिंकारांचं घर आहे.

टायर न वाढवता फायदा

हायलक्सकडे बघा. तिच्या एका प्रकाराला २६५/६० आर १८ आणि दुसऱ्याला २६५/६५ आर १७ टायर येतो. गणित केलं तर दोन्हींची उंची ७७५ ते ७७६ मिलिमीटर. पण १७ इंची रिमवर रबराची भिंत १५९ ऐवजी १७२ मिलिमीटर मिळते. दगडाचा मार ती जास्त सोसते आणि हवा उतरवली की जास्त पसरते. ओढ, ब्रेक आणि मीटर मात्र होते तसेच राहतात. ज्याला ओढायचंही आहे आणि खडकाळ रस्त्यावरही जायचं आहे, त्याच्यासाठी लहान रिम आणि उंच भिंत ही वाट मोठ्या टायरपेक्षा शहाणपणाची. फक्त लहान रिम ब्रेकवर बसते का, हे आधी तपासा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून कंपनीने त्या मॉडेलच्या कोणत्याही प्रकाराला दिलेला साइज निवडणं सगळ्यात सुरक्षित. गाडी उचलणं किंवा त्यापलीकडचा साइज घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारा. ट्रेलर हेसुद्धा कायद्याने वाहनच आहे, त्याचीही नोंदणी लागते.

थोडक्यात, टायर घेताना

१. महिन्यातून किती दिवस ओढता आणि किती दिवस खराब रस्त्यावर जाता, ते आधी लिहून काढा. ओढणं जास्त असेल तर साइज वाढवू नका.

२. लोड इंडेक्स मूळ टायरएवढा किंवा जास्तच हवा.

३. वाढवायचाच असेल तर पूर्ण उंची २ ते ३ टक्क्यांच्या आत ठेवा. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडीत भार टाकून टायर कुठे घासत नाही ना, ते बघा.

४. चारही टायर एकाच मापाचे घ्या, स्टेपनीसकट. फोर बाय फोरमध्ये एक चाक वेगळ्या उंचीचं असेल तर गिअर आणि डिफरन्शियलवर ताण येतो.

५. टायरवर आयएसआय चिन्ह आणि चार आकडी तारीख बघा. २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर.

६. पहिल्यांदा ट्रेलर जोडाल तेव्हा मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून बघा. गाडी आता किती अंतरात थांबते, हे घाटात कळण्यापेक्षा तिथे कळलेलं बरं.