ऑयलर, त्यांची मूळ संख्या आणि माझा मोतीबिंदू



मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. घरात सांगितलं, आधी पापडांचं काम उरकू दे. खरं कारण भीती. डोळा गेला तर स्वाध्याय कसा करणार?

याच दिवसांत लिओनार्ड ऑयलर यांच्याविषयी वाचलं. जन्म स्वित्झर्लंडचा, कर्मभूमी रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. उजवा डोळा तरुणपणीच अधू झालेला. 1771 मध्ये डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. थोडे दिवस दिसलं, मग तीही दृष्टी जवळजवळ गेली. वय माझ्याएवढंच, साठीच्या पुढचं.

1772 मध्ये त्यांनी बेर्नुली यांना पत्राने कळवलं, की 2,14,74,83,647 ही मूळ संख्या आहे. 2 घेऊन दुप्पट करत 31 व्या घातापर्यंत जायचं आणि 1 वजा करायचा, की ही संख्या येते. दुपटीचा हिशोब आपल्याला परका नाही. अनुयोगद्वार सूत्रात 96 वेळा निम्मी करता येणारी संख्या आहेच.

मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी 1644 मध्येच ही संख्या मूळ म्हणून यादीत घातली होती. पण त्याच यादीतली 67 व्या घाताची संख्या पुढे चुकीची निघाली. पडताळा घेतल्याशिवाय ताळेबंदावर सही करू नये, हे मी कॉमर्सला शिकले, ते उगाच नव्हे.

पडताळा सोपा नव्हता. 46,340 पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं, म्हणजे चार हजारांहून जास्त भागाकार. ऑयलरांनी आधी चाळण लावली. या संख्येला भाजक असलाच, तर त्याला 62 ने भागल्यावर बाकी 1 उरली पाहिजे आणि 8 ने भागल्यावर 1 किंवा 7. दोन्ही अटी एकत्र केल्या, की 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 बाकी राहणारेच आकडे उरतात. फार तर 372 भागाकार. एकानेही निःशेष भाग गेला नाही. त्यातून एक परिपूर्ण संख्याही हाती आली: या संख्येला 1,07,37,41,824 ने गुणलं, की येणाऱ्या संख्येच्या तिच्याहून लहान सगळ्या भाजकांची बेरीज नेमकी तिच्याइतकीच भरते.

तुम्ही म्हणाल, त्यांचं ऑपरेशन फसलं हे वाचून भीती वाढायला हवी. आधी वाढलीच. पण मला ज्याची धास्ती होती ते त्यांच्या वाट्याला खरंच आलं, आणि तरी 1783 मध्ये शेवटच्या दिवसापर्यंत ते सांगत राहिले, मुलगा आणि शिष्य लिहून घेत राहिले.

काल डॉक्टरांना मीच फोन केला. गुरुवारी ऑपरेशन आहे. सूनबाईंना सांगून ठेवलंय, थोडे दिवस संध्याकाळी मला वाचून दाखवा. सामायिकाचे पाठ तर तोंडपाठच आहेत.