डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान : कच्चे रस्ते, रस्ताबंदी आणि परवाने

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पूर्व सीमेलगत पसरलेले आणि थोडेसे नेव्हाडात शिरलेले वाळवंटी उद्यान. क्षेत्रफळ सुमारे ३४ लाख एकर. अलास्का वगळता अमेरिकेतील हे सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान होय. अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी ११ फेब्रुवारी १९३३ रोजी या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायदा’ अमलात आला तेव्हा सलाइन आणि युरेका या खोऱ्यांसह हद्द वाढवून त्याचे राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. उद्यानात पक्के आणि कच्चे मिळून सुमारे १,००० मैल (१,६०० किमी) रस्ते आहेत. फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेऊन येणारे लोक मुख्यतः कच्च्या रस्त्यांसाठी येतात.

हे रस्ते दोन तऱ्हांनी बंद होतात. पुराने वाहून गेलेला किंवा बर्फाने अडलेला रस्ता आज ना उद्या पुन्हा उघडण्याची शक्यता असते. कायद्याने वाहनांना बंद झालेली वाट मात्र कायमचीच गेलेली असते. जुन्या नकाशांवर आणि गाडीतल्या दिशादर्शकावर दोन्ही रेषा सारख्याच दिसतात. त्यांतला फरक ओळखता येणे ही या उद्यानात गाडी घालण्याची पहिली अट मानली पाहिजे.

रस्त्यांचे मूळ : येथील बहुतेक वाटा खाणवाल्यांनी पाडल्या. १८८३ ते १८८९ या काळात टाकणखाराच्या गाड्या वीस-वीस जनावरांच्या ताफ्याने मोहावीच्या रेल्वे स्थानकापर्यंत ओढून नेल्या जात. पुढे चांदी, सोने आणि शिसे यांच्या मागे लागलेल्यांनी डोंगराच्या घळीघळीतून वाटा काढल्या. लिपिनकॉट, स्किडू, लेडफील्ड ही नावे त्याच काळातली. लेडफील्डचे उदाहरण बोलके आहे. शेअर विकण्याच्या धडाक्यात १९२६ साली टायटस कॅन्यनमध्ये गाव वसले, मोटार रस्ता झाला, ऑगस्टमध्ये टपाल कचेरी उघडली आणि पुढच्या जानेवारीत ती बंदही झाली. गाव उठले, रस्ता राहिला. त्याच वर्षी बॉब आइखबॉम यांनी टाउन खिंडीतून टोल घेऊन चालवायचा रस्ता बांधला आणि स्टोव्हपाइप वेल्सला हॉटेल काढले. पर्यटकांसाठी बांधलेला या खोऱ्यातला हा पहिला मोठा रस्ता. १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या तरुणांनी शेकडो मैलांचे रस्ते सारखे केले.

खाणीसाठी पाडलेल्या वाटेला रस्ता म्हणायचे की नाही, या प्रश्नावर आजचे अनेक वाद उभे आहेत.

कायद्याची चौकट : राष्ट्रीय उद्यानात ठरलेला रस्ता सोडून गाडी चालवण्यास मनाई आहे. अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढलेल्या ११६४४ क्रमांकाच्या आदेशाने सरकारी जमिनींवरील अशा वाहनांसाठी नियम करणे बंधनकारक झाले. उद्यान सेवेच्या नियमांनुसार रस्त्याबाहेरील वाहनांसाठी मार्ग आखून देण्याची मुभा मनोरंजन क्षेत्रे, किनारी क्षेत्रे आणि प्रिझर्व्ह यांच्यापुरतीच आहे. राष्ट्रीय उद्याने त्यात येत नाहीत. त्यामुळे डेथ व्हॅलीत ‘ऑफ-रोडिंग’ म्हणजे अधिकृत कच्च्या रस्त्यावरून गाडी नेणे, एवढाच प्रकार कायद्यात बसतो. गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदवलेली हवी आणि चालकाकडे लायसन्स हवे. केवळ रस्त्याबाहेरील वापराचे स्टिकर असलेल्या एटीव्ही व बगी यांना येथे प्रवेश नाही. ज्यांना वाळूच्या टेकड्यांवरच गाडी चढवायची हौस आहे, त्यांच्यासाठी उद्यानाच्या दक्षिण हद्दीबाहेर भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यातील ड्युमाँट ड्यून्स हे क्षेत्र आहे. तेथे वेगळे शुल्क भरावे लागते.

उद्यानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्याखाली संरक्षित आहे. तेथे मोटार तर नाहीच, सायकलही चालत नाही. खुल्या रस्त्यांच्या चिंचोळ्या पट्ट्या या क्षेत्रातून वगळल्या आहेत. म्हणजे रस्त्याच्या कडेची दगडांची रांग ओलांडली की गाडी वन्यक्षेत्रात शिरते. नियमभंगासाठी ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

एकाच प्रवासात गाडी तीन यंत्रणांच्या रस्त्यांवरून जाऊ शकते. १९० क्रमांकाचा महामार्ग राज्याच्या परिवहन विभागाकडे आहे, सलाइन व्हॅली रस्त्याची देखभाल इन्यो कौंटी करते आणि उरलेले बरेच रस्ते उद्यानाकडे. त्यामुळे बंदीची सूचनाही एका ठिकाणी मिळेल असे धरून चालू नये. उद्यान रोज सकाळी रस्त्यांचा अहवाल काढते. महामार्गासाठी राज्याची माहिती वेगळी पाहावी लागते. कायमच्या आणि हंगामी बंदीचे आदेश अधीक्षकांच्या नियमसंग्रहात असतात.

मातीवरील खुणा : या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शिका येथे एक-दोन ओळींत उरकतात. प्रस्तुत नोंदीत या खुणांना अधिक जागा दिली आहे, कारण बाकीचे सर्व नियम याच एका कारणातून निघालेले आहेत. पाऊस वर्षाला सरासरी ५५ मिमीच्या आसपास, वनस्पती विरळ आणि पृष्ठभागावर वाऱ्याने बारीक माती उडून गेल्यावर उरलेली खड्यांची फरसबंदी. तिच्यावरून चाक एकदा गेले की खडे खाली दाबले जातात, मोकळी झालेली माती उडते आणि उठलेली चाकोरी पुसून टाकील असे काही तेथे घडत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ मध्ये, जनरल पॅटन यांनी उभारलेल्या वाळवंटी प्रशिक्षण केंद्राच्या रणगाड्यांचे माग मोहावी वाळवंटात आजही दिसतात.

रेसट्रॅक प्लाया हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. सुमारे १,१३० मी. उंचीवरील हा कोरड्या तळ्याचा तळ साधारण साडेचार किमी लांब आणि दोन किमी रुंद आहे. उन्हाने तडकलेल्या चिखलाच्या षट्कोनी-पंचकोनी खपल्या टोकापर्यंत पसरलेल्या दिसतात आणि त्यांवर दगड सरकत गेल्याचे लांब माग उमटलेले असतात. हे दगड कसे हलतात याचा उलगडा प्रत्यक्ष निरीक्षणाने २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला : हिवाळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर काही मिलिमीटर जाडीचा बर्फाचा पापुद्रा धरतो, उन्हे चढली की तो फुटतो आणि हलका वारा त्या मोठ्या तुकड्यांना लोटतो. तुकडे दगडांना ढकलतात. असा योग क्वचितच जुळतो, म्हणून एकेका मागाचे मोल मोठे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये कोणी तरी या तळावर गाडी घातली आणि सुमारे १० मैल (१६ किमी) लांबीच्या चाकोऱ्या मागे ठेवल्या. पुढे स्वयंसेवकांनी हाताने पाणी शिंपून आणि दाताळ्याने माती सारखी करून त्या बुजवण्याचा प्रयत्न केला. चाकोरीला चाकोरी बोलावते, हे उद्यानाच्या कर्मचाऱ्यांचे अनुभवाचे म्हणणे आहे, आणि ते खरेच आहे. तळ ओला असताना त्यावर पायीही जाऊ नये.

युरेका ड्यून्सच्या वाळूवर, इतरत्र कोठेही न आढळणाऱ्या वनस्पती वाढतात. तेथे वाहनबंदी १९७० च्या दशकातच, म्हणजे ही जागा उद्यानात येण्यापूर्वी झाली.

पूर आणि बंदी : पाऊस कमी म्हणून पुराचा धोका कमी, हा समज येथे पार खोटा ठरतो. उघड्या खडकावर पडलेले पाणी मुरत नाही. ते घळींतून एकदम उतरते, आणि रस्ते त्याच घळींच्या तळातून जातात. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ग्रेपव्हाइन कॅन्यनमध्ये आलेल्या पुराने स्कॉटीज कॅसल या वास्तूचे आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याचे मोठे नुकसान झाले. ५ ऑगस्ट २०२२ रोजी फर्नेस क्रीक येथे १.४६ इंच (सुमारे ३७ मिमी) पाऊस झाला. सुमारे हजार माणसे अडकून पडली आणि साठेक गाड्या गाळात रुतल्या. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या अवशेषाने २.२ इंच (सुमारे ५६ मिमी) पाणी ओतले. वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडला. संपूर्ण उद्यान बंद करावे लागले आणि ते १५ ऑक्टोबरला टप्प्याटप्प्याने उघडू लागले. बॅडवॉटरच्या खोलगट भागात पाणी साचून, प्राचीन काळी येथे असलेल्या मॅनली सरोवराची जागा काही महिने पुन्हा भरली.

पक्के रस्ते आधी उघडतात. कच्च्या रस्त्यांची पाळी शेवटी येते आणि काहींची वर्षानुवर्षे येतच नाही. टायटस कॅन्यनचा एकेरी रस्ता (२७ मैल, नेव्हाडाच्या ३७४ क्रमांकाच्या महामार्गावरून आत शिरणारा) २०२३ च्या पुरानंतर दीर्घकाळ बंद राहिला. या घळीत शेवटी दोन्ही बाजूंचे कडे वीस फुटांपर्यंत जवळ येतात. गाडी वळवायला जागा नाही आणि पाणी आले तर चढून जायलाही नाही, म्हणून पावसाची नुसती शक्यता असली तरी तो रस्ता बंद करत. वेस्ट साइड रस्ता मिठागराच्या कडेने जातो आणि ओल धरली की अनेक दिवस सुकत नाही. वरून कोरडा दिसणारा मिठाचा थर गाडीच्या वजनाने फुटतो आणि खालचा चिखल आसापर्यंत गिळतो. याच उद्यानात उंचावरचे रस्ते बर्फाने अडतात : सलाइन खोऱ्यात उतरणाऱ्या उत्तर व दक्षिण खिंडी, तसेच वाइल्डरोजच्या कोळसाभट्ट्यांच्या (१८७७) वरच्या बाजूची वाट.

उन्हाळ्यात बहुतेक कच्चे रस्ते कायद्याने खुले असले तरी तेथे जाऊ नये. फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले ५६.७ अंश से. तापमान जागतिक हवामान संघटनेने उच्चांक म्हणून मानले आहे. काही हवामानतज्ज्ञांना ही नोंद मान्य नाही.

चुकीच्या नकाशाचे बळी : जुलै १९९६ मध्ये चार जर्मन पर्यटक, त्यांत दोन मुले, भाड्याच्या व्हॅनसह बेपत्ता झाले. ऑक्टोबरमध्ये ती व्हॅन वाहनांना बंद असलेल्या अॅनव्हिल कॅन्यनच्या कोरड्या प्रवाहात टायर फाटलेल्या अवस्थेत सापडली. मानवी अवशेष मिळायला २००९ साल उजाडले. त्याच २००९ च्या ऑगस्टमध्ये उद्यानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गाडी रुतून एका लहान मुलाचा मृत्यू झाला, आई वाचली. दिशादर्शकाने दाखवलेल्या, पण प्रत्यक्षात बंद किंवा बुजलेल्या वाटांबद्दल उद्यानाचे रेंजर तेव्हापासून सातत्याने सावध करत आले आहेत. लॉस एंजेलिस वा लास व्हेगासहून नाताळच्या सुटीत येणाऱ्या मराठी कुटुंबांनी एवढे ध्यानात ठेवावे की भाड्याच्या गाडीचा करार बहुधा डांबरी रस्त्यापुरताच असतो आणि आतून गाडी ओढून काढण्याचा खर्च फार मोठा येतो.

परवाने : नुसत्या दिवसाच्या फेरीसाठी प्रवेशशुल्काखेरीज वेगळा परवाना लागत नाही. रात्रीचा मुक्काम असेल तर प्रश्न येतो. एको कॅन्यन, होल-इन-द-वॉल, ग्रीनवॉटर खोरे आणि कॉटनवुड–मार्बल कॅन्यन या मार्गांवर रस्त्याकडेला तंबू टाकण्यासाठी अलीकडच्या वर्षांत परवाना सक्तीचा झाला. गर्दी वाढली, तंबूंसाठी नव्या जागा साफ होऊ लागल्या आणि प्रत्येक जागेला जोडून एक नवी चाकोरी उमटू लागली, हे त्यामागचे कारण. टायटस कॅन्यन, वेस्ट साइड, स्किडू, अॅगेरेबेरी पॉइंट इत्यादी रस्ते केवळ दिवसाच्या वापराचे आहेत. मोठ्या प्रमाणावरील चित्रीकरण, शर्यती आणि व्यावसायिक सहली यांना विशेष परवाना घ्यावा लागतो.

गाडीची तयारी : यूबेहेबी ज्वालामुखीमुखापासून रेसट्रॅकपर्यंतचे २७ मैल (४३ किमी) धुण्याच्या दगडासारख्या आडव्या वळ्यांचे आहेत. धारदार खडे टायरची बाजू कापतात. गाडीची उंची, मजबूत टायर, पूर्ण मापाचे राखीव चाक आणि हवा भरण्याचा पंप एवढे हवेच. मोबाइल लागत नाही. वाटेत टीकेटल जंक्शन येथील फलकावर प्रवासी चहाच्या किटल्या टांगून जातात. तेथून पुढे लिपिनकॉट खाणीची वाट सलाइन खोऱ्यात उतरते. ती अरुंद, कड्याच्या अंगाने जाणारी आणि केवळ फोर-व्हील ड्राइव्हसाठी आहे.

रस्त्याच्या हक्काचे वाद : १८६६ च्या खाणकायद्यातील आर.एस. २४७७ या कलमाने सरकारी जमिनीवरून सार्वजनिक रस्ते काढण्याचा हक्क दिला होता. १९७६ मध्ये ते रद्द झाले, पण तोवर निर्माण झालेले हक्क शाबूत राहिले. इन्यो कौंटीने २००६ मध्ये उद्यानातील काही बंद वाटांवर या आधारे फेडरल न्यायालयात दावा केला. १९८४ च्या पुराने वाहून गेलेल्या सरप्राइज कॅन्यनच्या वाटेवरूनही दीर्घ खटला चालला. तेथे धबधब्यांवरून विंचने गाड्या चढवल्या जात, ते २००१ पासून थांबले. युटा राज्यात, कॅन्यनलँड्स उद्यानातील सॉल्ट क्रीक वाटेबाबत अपील न्यायालयाने २०१४ मध्ये राज्याच्या विरोधात निर्णय दिला : उद्यान होण्यापूर्वी दहा वर्षे सलग सार्वजनिक वापर होता, हे सिद्ध करता आले नाही. प्रवेशहक्काचे पुरस्कर्ते आणि संरक्षणवादी यांच्या भूमिका अद्याप जुळलेल्या नाहीत.

टिंबिशा शोशोनी : हे या भूमीचे मूळ रहिवासी, २००० च्या कायद्याने फर्नेस क्रीक येथे त्यांना जमीन परत मिळाली, आणि ती उद्यानाच्या वाहतूक नियमांहून वेगळ्या अधिकाराखाली येते.

सायकल : वाहनांना खुल्या असलेल्या सर्व रस्त्यांवर चालते.