उस्मानाबादच्या बायांनी दिलेली साक्ष

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की आपण बऱ्याच जणी लाजतो, उद्यावर ढकलतो. पण या तपासणीनं जीव वाचतो हे जगाला दाखवून दिलं ते आपल्यासारख्याच खेड्यातल्या बायांनी. बुलडाण्याहून जालना, बीड ओलांडलं की उस्मानाबाद जिल्हा लागतो. आता त्याला धाराशिव म्हणतात.

१९९९ च्या ऑक्टोबरात तिथं एक मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बाया तिच्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार वाटे केले. म्हणजे कोणती बाई कुठं जाणार हे तिनं नाही, तिच्या गावाच्या चिठ्ठीनं ठरवलं. एका वाट्यात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या वाट्याला आजाराची माहिती आणि तपासणी कुठं होते याचा पत्ता, एवढंच.

२००९ मध्ये निकाल छापून आला. आठ वर्षांत या कॅन्सरनं एचपीव्हीच्या वाट्यात ३४ बाया गेल्या, चौथ्या वाट्यात ६४. विषाणूची तपासणी एकदाच केली तरी मरण जवळपास निम्म्यावर आलं. बाकी दोन तपासण्यांनी तेवढा फरक पडला नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही हीच तपासणी आधी करा म्हणून सांगितलं.

त्या ६४ चं काय? यावर डॉक्टरांमध्येच वाद झाला. काही म्हणाले, तपासणी ठाऊक असताना एका गटाला ती न देणं अन्याय आहे. दुसरे म्हणाले, खेड्यात तेव्हा तपासणी होतीच कुठं, कुणाचं काही काढून घेतलं नाही. आम्हाला दुसरं म्हणणं पटत नाही. शेजारच्या गावाला मिळतं ते आपल्याला का नाही, हे विचारायचा हक्क बाईला आहेच.

म्हणून ट्रायलमध्ये जाण्याआधी पहिला प्रश्न हाच: दुसऱ्या गटाला काय देणार, आणि मी त्या गटात गेले तर?

ट्रायल शोधायची सोयही आहे. २००७ पासून देशात सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे आणि २००९ च्या जूनपासून औषधांच्या ट्रायलची तिच्यात नोंद सक्तीची झाली. मोबाइलवर ती फुकट उघडते. आजाराचं नाव टाकलं की ट्रायल कुठं चालू आहे, डॉक्टर कोण, कोणत्या गटाला काय देणार, हे दिसतं. मजकूर इंग्रजीत असतो. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवा वाचायला.

नव्या औषधाच्या ट्रायलसाठी २०१९ चे नियम आहेत. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, मगच अंगठा. मध्येच सोडता येतं, त्यामुळं नेहमीचा इलाज थांबवता येत नाही. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट, भरपाई वेगळी. सही केलेल्या कागदाची एक प्रत मागून घ्या. डॉक्टरचा आणि नीतिमत्ता समितीचा फोन नंबर त्याच कागदावर असतो.