पंधरा दिवसांचे बहिरेपण

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे मला अभ्यंगस्नान घडले आणि त्याच स्नानात मी बहिरा झालो. ही गोष्ट चारचौघांत सांगावी अशी खरे म्हणजे नाही. आजारांतही कुलीन आणि हलके असा भेद असतोच. हृदयविकार जडला तर माणसाचा मान वाढतो; कानात मळ अडकला म्हटले तर ऐकणारा तोंड फिरवून हसतो. परंतु या क्षुद्र दुखण्याने मला हजारो वर्षे हिंडवून आणले, आणि शेवटी माझ्याच वर्गातल्या मागच्या बाकापाशी आणून उभे केले. म्हणून ही हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहे.

झाले ते असे. आईने तेलाची वाटी आणली. "कानात तेल घातल्याबिगर न्हाणं होते का रे?" असे म्हणून तिने दोन्ही कानांत तेलाचे थेंब सोडले. मग उटणे, मग कढत पाण्याचे तांबे. डोके पुसून अंगणात आलो तो फटाके शेजारच्या गावात उडत असल्यासारखे वाटले. पाहतो तर माझाच मुलगा दहा हातांवर लवंगी फटाक्यांची माळ लावून नाचत होता!

आमचे पुलगाव हे तसे आवाजाचे गाव. वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून गावाला नाव पडले असे सांगतात, आणि गाडी पुलावर चढली की तिची घरघर साऱ्या गावाला कळते. माझ्या लहानपणी कापडगिरणीच्या भोंग्यावर घरोघरची चूल पेटत असे. १९१७ साली सुरू झालेली आर्वीची छोटी गाडी शिटी फुंकीत जाई. आज गिरणी बंद आहे, छोटी गाडीही थांबली. आणि ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर दारूगोळ्याच्या केंद्रीय भांडारात आग लागून जो स्फोट झाला, ज्यात कर्तव्यावरचे अधिकारी, जवान आणि आग विझविणारे कर्मचारी प्राणास मुकले, त्याचा आवाज इथे कोणी विसरलेले नाही. अशा गावात राहून मला आता फक्त माझाच आवाज ऐकू येत होता. चिवडा चावला तर डोक्यात गिरणी चालू झाल्यासारखी वाटे. मी आपला नेहमीसारखा बोलत होतो, पण पत्नी म्हणे, "अहो, असं पुटपुटता काय? जरा मोठ्यानं बोला ना!" कान बंद झाला की स्वतःचा आवाज आत घुमतो आणि माणूस नकळत हळू बोलू लागतो, हे मला मागाहून कळले. तिने "अनारसे झाले" म्हटले, मी "अमरावतीचे आले" ऐकले आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी अंगात सदरा चढवून ओसरीवर जाऊन बसलो.

मग शहाण्या माणसाने जे करू नये ते सारे मी केले. आगपेटीची काडी घातली, आईच्या जुन्या पेटीतले चांदीचे कानकोरणे घातले. मळ बाहेर येण्याऐवजी आत जाऊन बसला. तेव्हा हात टेकले आणि पुस्तके उघडली. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, पण सुट्टी होती, आणि ऐकू येत नसलेल्या माणसाइतका एकाग्र वाचक दुसरा नसतो.

पहिले आश्चर्य आपल्याच घरात निघाले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २० वा अध्याय कानाच्या रोगांचा आहे. तेथे २८ कर्णरोग मोजले आहेत. कर्णनाद आहे, बाधिर्य आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला आमचा कर्णगूथही मानाने बसला आहे. कानातला कफ पित्ताच्या उष्णतेने सुकून त्याचा मळ होतो, अशी त्याची मीमांसा. ती आज कोणी मानणार नाही. पण पुढे सांगितलेला उपाय पाहून मी थक्क झालो. आधी तेलाने मळ भिजवावा, शेक देऊन मऊ करावा, आणि मग जाणत्या वैद्याने शलाकेने तो काढावा. आधी मऊ करा, मग काढा, आणि काढणारा जाणता असू द्या! आजचा डॉक्टर साधने बदलतो, क्रम हाच ठेवतो. मी मात्र क्रम उलटा केला होता, आणि जाणताही नव्हतो.

वाग्भटाने तर अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगात डोके, कान आणि पाय यांची विशेष काळजी घ्यावयास सांगितले आहे. म्हणजे आईच्या वाटीतले ते थेंब काही तिच्या मनचे नव्हते. त्यांच्यामागे शतकांची परंपरा होती. मग घोटाळा कुठे झाला? घोटाळा असा की कानात आधीच सुकलेला मळ पुष्कळ असला आणि त्यावर पाणी गेले, की तो फुगतो आणि उरलीसुरली फट बुजवून टाकतो. मळ महिनोन् महिने साचत असतो, पण बहिरेपण एका क्षणात येते. ऋण वाढत जावे आणि जप्ती मात्र एके सकाळी यावी, तसे हे.

कानकोरण्याचा वंश तर याहूनही जुना. हडप्पा येथील उत्खननात तांब्याचा एक प्रसाधनसंच सापडला. त्यात चिमटा, टोचणी आणि कानकोरणे ही तिन्ही एकत्र होती. तसेच संच इराकात ऊर आणि किश येथेही मिळाले. चार हजार वर्षांपूर्वी सिंधूकाठचा माणूस आणि युफ्रेटिसकाठचा माणूस एकाच तऱ्हेने कान खाजवीत होता! रोममध्ये पहिल्या शतकातील सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथात मळासाठी ऊन तेल सांगितले आणि कान धुण्याच्या पिचकारीचाही उल्लेख केला. जपानात कानकोरणे आजही घरोघर असते, आणि त्याला कारण आहे. माणसांत मळाच्या दोन जाती असतात, एक ओला व चिकट, दुसरा कोरडा व भुसभुशीत. पूर्व आशियात कोरड्याचे राज्य, युरोप-आफ्रिकेत ओल्याचे, आणि आपल्याकडे दोन्हींची वस्ती. हा भेद एकाच जनुकातील एका लहानशा फरकाने होतो, हे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले.

आपल्याकडे हे काम पुढे न्हाव्याकडे आले. दाढी, हजामत, नखे आणि शेवटी कान, असा त्याचा क्रम. शहरांत तर कान साफ करणाऱ्यांचा निराळा धंदाच झाला. डोक्यावर लाल पागोटे किंवा टोपी, तिच्यात खोचलेली सळई आणि कापूस, काखेत पिशवी. इंग्रज अंमलाच्या आरंभी आपल्या चित्रकारांनी साहेबलोकांसाठी जी धंदेवाईकांची चित्रे काढली, त्यांतही हा गृहस्थ गिऱ्हाइकाचा कान धरून बसलेला दिसतो. मुंबईच्या रस्त्यांवर तो आपल्या काळापर्यंत टिकून राहिला. त्याच्या हाताला कसब होते यात शंका नाही. पण कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि तिच्या टोकाला कागदासारखा पातळ पडदा. आत काय आहे हे दिसल्यावाचून तिथे सळई घालणे म्हणजे अंधारात वीणेच्या तारा पुसण्यासारखे.

हा अंधार घालविण्याची युक्ती जर्मनीतल्या हॉफमन नावाच्या डॉक्टरने १८४१ साली काढली. अंतर्गोल आरशाला मध्यभागी भोक पाडून त्यातून पाहावयाचे, म्हणजे उजेड आणि दृष्टी एकाच वाटेने कानात शिरतात. पण मला सर्वांत आवडली ती व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीची गोष्ट. तो रोग्यांचे कान पिचकारीने धुवीत असे. धुताना कित्येकांना भोवळ येई. एकाने कुरकुर केली की पाणी गार असले म्हणजेच असे होते. बारानीने पुढे पाणी जास्त गरम घेतले, तर पुन्हा भोवळ! मात्र डोळ्यांची थरथर आता उलट दिशेने होत होती. दुसऱ्या कोणी ही रोग्याची किरकिर म्हणून सोडून दिली असती. याने ती मनावर घेतली आणि तिच्यातून, शरीराचा तोल सांभाळणारे यंत्र कानाच्या आतल्या भागात कसे चालते, याचा शोध लावला. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, तेव्हा तो महायुद्धातला कैदी म्हणून रशियाच्या ताब्यात होता. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीने १९१६ साली त्याची सुटका झाली. कान धुताना रोग्याचे म्हणणे ऐकून घेतले, एवढेच त्याचे मोठेपण! ऐकणारा डॉक्टर मिळणे हेच मुळी भाग्य.

सुट्टी संपली आणि मी तसाच शाळेत गेलो. पाचवीच्या वर्गात प्रश्न विचारला, उत्तर आले, आणि मी म्हटले, "काय?" पुन्हा उत्तर आले, पुन्हा "काय?" वर्ग हसू लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा मुलगा म्हणजे माझ्या लेखी मठ्ठपणाचा अर्क. हाक मारली तर दुसऱ्या हाकेलाही उत्तर द्यावयाचा नाही, प्रश्न विचारला तर "काय, सर?" हे त्याचे ठरलेले उत्तर. त्याच्यावर मी खडू फेकले आहेत, त्याला भर वर्गात "बहिरोबा" म्हटले आहे. तो उठून सरळ माझ्यापुढे आला, तोंड माझ्या तोंडासमोर आणले आणि सावकाश म्हणाला, "सर, इकडून बोललं तं तुमाले आइकू येते का?"

वाचकहो, बहिऱ्याशी कसे बोलावे हे त्या वर्गात एकट्या त्यालाच ठाऊक होते. का ठाऊक होते, हे कळावयाला मला फार वेळ लागला नाही. तेवढ्या क्षणात मी फेकलेले सगळे खडू माझ्याकडे परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीची परवानगी घेऊन त्याला बरोबर नेले आणि आम्ही दोघे कानाच्या डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी नादकाटा वाजवून माझ्या कपाळावर टेकविला. आवाज उजव्या, जास्त बुजलेल्या कानातच मोठा ऐकू आला! १८३४ पासूनची ही वेबर यांची परीक्षा. आतली नस शाबूत आहे, केवळ दार बंद आहे, असा तिचा कौल. चार दिवस मऊ करणारे औषध घातले, मग शरीराइतक्या कोमट पाण्याची पिचकारी, आणि दार उघडले. पंख्याची कुरकुर, बाहेरच्या चपला, डॉक्टरांच्या लेखणीची खरखर, सारे जग एकदम आत आले.

मुलाचे तसे झाले नाही. एका कानात दगडासारखा मळ होता; तो दोन खेपांत निघाला. दुसरा कान लहानपणापासून वाहत होता आणि त्याच्या पडद्याला भोक होते. आजी मायेने त्याच कानात लसणाचे तेल सोडीत आली होती. डॉक्टरांनी तेल, पाणी, पिचकारी सगळे त्या कानाला वर्ज्य केले आणि पुढे शस्त्रक्रियेचा विचार करू म्हणून सांगितले. भरलेला कान आणि फुटका कान बाहेरून सारखेच दिसतात. पाहिल्यावाचून उपाय करू नये तो याचसाठी.

बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात २००६-०७ पासून चालू आहे. कानातला मळ हे बरे होऊ शकणाऱ्या बहिरेपणाचे सर्वांत मोठे कारण, असे तो सांगतो. म्हणजे आपल्या शाळांतून किती मुले अशी मागच्या बाकावर बसून बोलणी खात असतील! मळ हा मुळात शत्रू नव्हे. तो धूळ अडवितो, किडे-जंतूंना रोखतो, आणि बोलताना-जेवताना हलणाऱ्या जबड्याबरोबर आपल्या पायांनी बाहेर येतो. काड्या, चिमटे आणि कापसाच्या कांड्या घालून आपणच त्याची वाट मोडतो. आणि ज्याचा खरोखरच अडतो, त्याला आपण डॉक्टरकडे न्यावयाचे सोडून नाव ठेवतो.

तो मुलगा आता पहिल्या बाकावर, चांगला कान माझ्याकडे करून बसतो. सहामाहीत तो पहिला आला वगैरे मी सांगणार नाही. तो गणितात अजून चुकतो. पण आता तो इतरांसारखाच चुकतो, प्रश्न ऐकून चुकतो. मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "काय, सर?" आणि हसला. त्याला ऐकू आले होते की नाही, हे मी पुन्हा विचारले नाही.

यंदाही पहाटे आई वाटी घेऊन येईल. तेल मी पाळीला लावून घेईन, आत मात्र नको म्हणेन. ती रागावेल, काहीबाही बोलेल, आणि ते सगळे मला स्वच्छ ऐकू येईल. याहून मोठी दिवाळी मला नको. आपणा सर्वांची दिवाळीही सुखाची जावो, आणि घरात कोणी "काय?" म्हणून पुन्हा विचारले, तर रागावण्याआधी त्याचा कान कोणाला तरी दाखवा.