धान्यावरील आयात शुल्क, सरकारी खर्च आणि संसद

जयपूर – राजस्थानात हरभऱ्याचे पीक मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येते. नेमक्या त्याच सुमारास नवी दिल्लीत संसदेचे अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू असते. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव ज्या दोन निर्णयांवर बराचसा अवलंबून असतो, ते आयात शुल्काचे आणि सरकारी खरेदीसाठीच्या खर्चाचे निर्णय केंद्राच्या हाती आहेत. राजस्थान, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही देशातील प्रमुख हरभरा उत्पादक राज्ये असल्याने या निर्णयांचा परिणाम मराठी शेतकऱ्यांवरही तितकाच होतो.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत 83 व्या क्रमांकावर सीमाशुल्काचा विषय आहे. त्यामुळे जयपूर येथील 200 सदस्यांच्या विधानसभेला आयात शुल्क ठरविता येत नाही. राजस्थानचे म्हणणे मांडण्याचे काम लोकसभेतील 25 आणि राज्यसभेतील 10 सदस्यांकडे येते.

अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर बसविता येत नाही. मात्र दरातील दैनंदिन बदल अधिसूचनेद्वारे होतात. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 25 नुसार सरकार शुल्कात सूट देऊ शकते. अशी अधिसूचना सभागृहाच्या पटलावर ठेवली जाते. तिला पूर्वसंमतीची गरज नसते. याउलट सीमाशुल्क दर अधिनियम, 1975 च्या कलम 8-अ खाली अधिनियमातील मूळ दर वाढविल्यास त्यास ठरावाद्वारे संसदेची मान्यता घ्यावी लागते. म्हणजेच शुल्क घटविणे हे वाढविण्यापेक्षा सोपे आहे.

2018 चा अनुभव

2016-17 मध्ये देशात कडधान्यांचे विक्रमी उत्पादन झाले आणि त्याच वर्षी आयातही मोठी होती. परिणामी भाव कोसळले. सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये पिवळ्या वाटाण्यावर 50 टक्के शुल्क लावले. डिसेंबर 2017 मध्ये हरभरा व मसुरीवर 30 टक्के शुल्क आले. हरभऱ्यावरील दर फेब्रुवारी 2018 मध्ये 40 आणि मार्चमध्ये 60 टक्के झाला.

त्याच मार्च महिन्याच्या 14 तारखेला लोकसभेत सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या गदारोळात, चर्चेविना मंजूर झाल्या. त्यात कृषी मंत्रालयाच्या मागण्याही होत्या. मुदत संपताना उरलेल्या मागण्या एकत्रित मताला टाकण्याच्या या पद्धतीस 'गिलोटिन' म्हणतात. त्या वेळी लोकसभेच्या अध्यक्षपदी सुमित्रा महाजन होत्या. 2023 मध्येही लोकसभेत मागण्या अशाच चर्चेविना संमत झाल्या.

खर्चाची बाजू

भाव हमीभावाखाली गेल्यास केंद्राच्या मूल्य समर्थन योजनेखाली नाफेड खरेदी करते. राजस्थानात हे काम राजफेड या सहकारी संस्थेमार्फत चालते. शुल्क कमी ठेवल्यास ग्राहकाला डाळ स्वस्त मिळते. पण देशी मालाचा भाव पडला तर खरेदीचा भार तिजोरीवर येतो. त्यामुळे शुल्क आणि खर्च यांची चर्चा एकत्रच व्हावी लागते.

खर्चाचे आकडे अर्थसंकल्पात पूर्णपणे दिसतातच असे नाही. 2020-21 मध्ये अन्न अनुदानासाठी सुमारे 1.15 लाख कोटी रुपयांची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती सुमारे 4.22 लाख कोटींवर गेली. साथीच्या काळातील मोफत धान्याबरोबरच, अन्न महामंडळाने राष्ट्रीय अल्पबचत निधीतून घेतलेली कर्जे अर्थसंकल्पात आणल्याने ही वाढ झाली. तोपर्यंत या कर्जांचा भार तुटीच्या आकड्यांबाहेर राहिला होता.

राज्यांचा वाटा

फेब्रुवारी 2021 मध्ये हरभऱ्यावरील 60 टक्के शुल्काची विभागणी 10 टक्के मूळ शुल्क आणि 50 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर अशी झाली. आयातदाराच्या दृष्टीने एकूण भार तोच राहिला. परंतु अनुच्छेद 270 नुसार उपकराची रक्कम राज्यांना वाटली जात नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी विभाज्य करांतील राज्यांच्या वाट्यापैकी राजस्थानला 6.026, तर महाराष्ट्राला 6.317 टक्के हिस्सा दिला होता. उपकरातून मात्र दोघांनाही काही मिळत नाही.

नंतरचे बदल

पुढे महागाई रोखण्यासाठी धोरण उलटे फिरले. डिसेंबर 2023 पासून पिवळा वाटाणा आणि मे 2024 पासून हरभरा शुल्कमुक्त झाला. पिवळा वाटाणा हरभऱ्याला स्वस्त पर्याय म्हणून वापरला जात असल्याने त्याचा परिणाम हरभऱ्याच्या भावावर होतो. 1 एप्रिल 2025 पासून हरभऱ्यावर 10 टक्के, तर 1 नोव्हेंबर 2025 पासून पिवळ्या वाटाण्यावर 30 टक्के शुल्क पुन्हा लागू झाले.

रब्बीची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, तर शुल्काचे दर वर्षात केव्हाही बदलू शकतात. हरभरा पेरताना असलेले शुल्क मळणीपर्यंत टिकेल याची हमी शेतकऱ्याला कोणताही कायदा देत नाही.