रंगभवन ते नेरूळ : मुंबईकर रॉक श्रोत्यांच्या आठवणींचा नकाशा

विशेष प्रतिनिधी, मुंबई

रॉक संगीताचे जुने चाहते एकत्र जमले की गप्पांची सुरुवात गाण्यांपासून होते. पण थोड्याच वेळात त्या प्रवेशद्वारावरची रांग, मैदानातला चिखल, बेसूर निघालेला ध्वनिक्षेपक आणि हुकलेली शेवटची लोकल यांवर येऊन ठेपतात. हेच गाणे घरी शेकडो वेळा ऐकलेले असते. तरीही हजारो अनोळखी माणसांनी ते एकाच वेळी म्हणणे आणि ड्रमचा ठोका कानाआधी छातीत जाणवणे, हा अनुभव ध्वनिमुद्रणातून मिळत नाही. मुंबईच्या तीन पिढ्यांनी हा अनुभव वेगवेगळ्या ठिकाणी घेतला. त्या ठिकाणांचा क्रम लावला तर या संगीताचाच नव्हे, तर शहराचाही इतिहास हाती येतो.

धोबी तलावचा खुला रंगमंच

या आठवणींत सर्वाधिक वेळा येणारे नाव म्हणजे रंगभवन. धोबी तलाव परिसरात, सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि कामा रुग्णालय यांच्या शेजारी असलेला हा शासकीय मालकीचा खुला रंगमंच. १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' महोत्सव येथे भरला. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' या ब्रिटिश त्रयीने येथे कार्यक्रम केला. 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' या धर्मादाय कार्य करणाऱ्या महिला संस्थेने तो आयोजित केला होता. त्यामुळे पुढच्या रांगांत प्रतिष्ठित पारशी महिला आणि मागे उसळणारी तरुणाई, असे दृश्य त्या संध्याकाळी दिसल्याचे आजही सांगितले जाते.

त्याआधी पाश्चात्त्य कलावंत मुंबईत येत नव्हते असे नाही. १९७२ मध्ये 'लेड झेपलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या छोट्या क्लबात अनपेक्षितपणे वाद्ये हाती घेतली होती. परंतु ते मोजक्यांचे भाग्य होते. रंगभवनाने हे संगीत लोकलने येणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मरीन लाइन्स ही दोन्ही स्थानके येथून पायी अंतरावर.

स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. 'आय-रॉक' या नावाने ओळखला जाणारा हा सोहळा ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे होत असे. उपग्रह वाहिन्या येण्यापूर्वीचा तो काळ. कॅसेटची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जात असे आणि काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस' (२०१६ मध्ये बंद) हे चाहत्यांचे भेटीचे ठिकाण होते. अशा श्रोत्यांना परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणारे वादकच हवे असत. स्वतःची गाणी सादर करणाऱ्यांना हुर्यो सहन करावी लागे. 'रॉक मशीन' (१९९३ पासून 'इंडस क्रीड'), पुढे 'पेंटाग्राम', दिल्लीची 'परिक्रमा' अशा बँडनी स्वतःच्या रचनांना हळूहळू टाळ्या मिळवल्या. नव्या बँडला मोठ्या श्रोतृवर्गासमोर उभे राहून पडण्याची आणि सावरण्याची संधी देणारे व्यासपीठ म्हणून 'आय-रॉक'चे महत्त्व आहे.

ध्वनी आणि शांतता

ज्या शेजारामुळे रंगभवन सोयीचे ठरले, त्याच शेजारामुळे ते मैफलींना पारखे झाले. २००० मध्ये केंद्र शासनाचे ध्वनिप्रदूषण नियम लागू झाले. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरतो आणि तेथे ध्वनिवर्धकास मनाई असते. महाविद्यालय आणि रुग्णालय यांना लागून असलेल्या खुल्या रंगमंचाला या व्याख्येतून सुटका नव्हती. २००० च्या दशकाच्या प्रारंभी येथील रॉक मैफली थांबल्या आणि 'आय-रॉक' अंधेरीच्या चित्रकूट मैदानाकडे वळला.

चाहत्यांच्या बोलण्यात याबद्दल हळहळ असते. मात्र भिंतीपलीकडच्या रुग्णाचा शांततेचा हक्कही तितकाच खरा आहे, हे विसरता येत नाही. प्रश्न नियमाचा नव्हता. बंद झालेल्या जागेला पर्याय उभा न राहण्याचा होता. रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारण्याची घोषणाही मध्यंतरी झाली. पुढे त्या भवनाचे भूमिपूजन २०२२ मध्ये चर्नी रोड परिसरात झाले. आज 'रंगभवनची गल्ली' म्हटले की बहुतेकांना २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तेथे हौतात्म्य पत्करलेले पोलीस अधिकारी आठवतात. तेथे गिटारही वाजत असे, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

मैदाने मोठी, अंतर मोठे

आर्थिक उदारीकरणानंतर जगप्रसिद्ध बँडचे दौरे वाढले. १९९५ मध्ये 'डीप पर्पल', एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'रोलिंग स्टोन्स', फेब्रुवारी २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात रॉजर वॉटर्स यांचे कार्यक्रम झाले. १ फेब्रुवारी २००८ रोजी 'आयर्न मेडन'ने आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभच मुंबईतून केला. त्या दौऱ्यावरील 'फ्लाइट ६६६' (२००९) या माहितीपटात मुंबईचे श्रोते दिसतात. डिसेंबर २०१९ मध्ये 'यू टू' आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन दिवस 'कोल्डप्ले' नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजले.

या मैफलींच्या आठवणींचा सूर वेगळा आहे. कलावंत दूरवर ठिपक्याएवढा, चेहरा दिसतो तो भव्य पडद्यावर. तिकिटासाठीची रांग खिडकीसमोर नव्हे तर संगणकावर, आणि 'कोल्डप्ले'च्या वेळी गाजला तो चढ्या दराने झालेल्या फेरविक्रीचा वाद. रात्री दहाची मर्यादा पाळण्यासाठी कार्यक्रम लवकर आटोपतो आणि एकाच वेळी बाहेर पडणारा जनसमुदाय स्थानक गाठतो.

गर्दीचे नियोजन फसले तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये गुडगाव येथे मंचापुढचे अडथळे सुरक्षित नसल्याने 'मेटालिका'चा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि संतप्त जमावाने मोडतोड केली. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात २००० मध्ये 'पर्ल जॅम'च्या कार्यक्रमात रेटारेटीत ९ श्रोते मृत्युमुखी पडले होते.

कानांची किंमत

मैफलीनंतर दुसऱ्या दिवशीही कानात गुणगुण राहिली, हे अनेक जण अभिमानाने सांगतात. वस्तुतः तो श्रवणेंद्रियावर ताण आल्याचा इशारा असतो. ८५ डेसिबल पातळीचा आवाज सुमारे ८ तास सुरक्षित मानला जातो. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. मैफल त्याहून कितीतरी लांब चालते. स्वस्तात मिळणारे कर्णबोळे, भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपासून अंतर आणि अधूनमधून विश्रांती, इतकी काळजी पुरेशी ठरते.

'आय-रॉक' काही वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये पुन्हा भरला. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'एनएच७ वीकेंडर'ने नव्या बँडना मंच दिला. मोठे परदेशी दौरे यापुढेही येतील. त्यांना स्टेडियम मिळेल. मात्र मुंबईत पुढची 'रॉक मशीन' घडायची असेल तर रंगभवनासारखी स्थानकाजवळची, माफक भाड्याची, मध्यम आकाराची आणि शेजाऱ्यांची झोप न मोडणारी ध्वनिरोधक जागा हवी. तोवर या संगीताच्या मुंबईतल्या आठवणी प्रामुख्याने पाहुण्यांच्याच राहतील.