परवान्याच्या दाराशी

लातूर आणि नांदेड या गावांच्या जुन्या माणसांशी बोलू लागलो की १९४८ सालाशी येऊन थांबावे लागते. रझाकारांच्या जुलमाने गांजलेली असंख्य कुटुंबे त्या काळी घरदार टाकून सोलापूरकडे व वऱ्हाडाकडे निघून गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजांनी निजामाची राजवट संपविली आणि हे निर्वासित परतू लागले. परंतु त्याच वेळी दुसरी माणसे वाटेला लागली. रझाकारांच्या पापाचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने वर्षअखेरीस दौरा करून सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांची नोंद केली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी हैदराबाद शहर गाठले, काही पाकिस्तानात गेले.

गेलेल्याने परतायचे कसे? जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यास परवाना सक्तीचा झाला होता. पुढे संविधानाच्या सातव्या अनुच्छेदाने कायमच्या परवान्यावर परतलेल्यासच नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवली. म्हणजे मायभूमी कोणती, हे एका कागदावर ठरू लागले आणि तो कागद देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. १९४९ च्या कायद्यातील सातव्या कलमाने तर परवान्याचा नियम मोडल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी माणसास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला.

याच मुद्द्यावर मुंबई राज्यातील एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ साली न्यायालयाने बहुमताने ते कलम नागरिकांपुरते रद्दबातल ठरविले. नागरिकाला आपली बाजू मांडू न देता, केवळ संशयावरून देशाबाहेर काढता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. परकीयांना मात्र हे संरक्षण लाभले नाही. त्यांना घालवून देण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असे १९५५ साली त्याच न्यायालयाने हान्स म्यूलर खटल्यात म्हटले.

इतिहासाचा एक विपरीत न्याय येथे नोंदवावासा वाटतो. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. शिक्षा भोगून १९५७ साली सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला व तेथे त्यास आश्रय मिळाला. ज्याच्या नावाने आग पेटली त्याला ठिकाणा मिळाला; त्या आगीत ज्यांची घरे जळाली त्यांना दारोदार फिरावे लागले.

राज्याला आपल्या सीमा राखाव्या लागतात, हे आम्हांला मान्य आहे. अधिकाऱ्याला वा मंत्र्याला काही स्वेच्छाधिकारही हवाच, कारण कायद्याच्या अक्षरात न बसणारे दुःख दयेलाच ओळखता येते. परंतु कारण न सांगता दाखविलेली दया ही मेहरबानी होते आणि कारण न सांगता दिलेला नकार हा अन्याय ठरतो.

पोपमहाशय पायस बारावे यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी ‘एक्सुल फामिलिया’ या पत्रकात इजिप्तमध्ये आश्रय घेतलेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले. हेरोदाच्या भीतीने निघालेल्या योसेफाजवळ कोणता परवाना होता? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर अद्याप सही केलेली नाही. म्हणून आजही आश्रितांचे भवितव्य बव्हंशी सरकारच्या मर्जीवर आहे. त्यांचे म्हणणे ऐकून घ्या, एवढे तरी आपण ख्रिस्ती कुटुंबांनी मागितले पाहिजे.